लाजाळूची लाज कोणाची?

पावसाळा सुरू झाला की ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर आणि शाळेच्या कुंपणालगतच्या ओलसर जागी लाजाळू पसरू लागते. तिच्या गुलाबी, गोंड्यासारख्या फुलांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सर्वांचे लक्ष पानांकडे. बोट लागले की पानांची दले जोडीजोडीने मिटतात आणि धक्का जोराचा असेल तर सबंध पान देठासकट खाली झुकते. हा खेळ लहानपणी कधीच खेळला नाही असा माणूस खेड्यापाड्यांत विरळाच. एवढ्या साध्या वनस्पतीवर एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, ज्या समाजाचा इतिहास 'शिवणे' या एका क्रियापदाभोवती शतकानुशतके कोंडला गेला, त्या समाजाच्या शाळेने तरी या झाडाकडे नुसती करमणूक म्हणून पाहू नये.

प्रथम नावाविषयी. मराठीत आपण तिला लाजाळू किंवा लाजरी म्हणतो, बंगालीत ती लज्जावती आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये तिला 'मिमोसा पुडिका' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील 'पुडिका' या लॅटिन शब्दाचा अर्थही लाजरी, विनयशील असाच आहे. तमिळ माणसाने मात्र तिला 'शिवताच कुरकुरणारी' म्हटले आणि मल्याळी माणसाने 'शिवताच कोमेजणारी'. झाड तेच आणि त्याची हालचालही तीच. पण एकाला त्यात लाज दिसली, दुसऱ्याला तक्रार आणि तिसऱ्याला दुःख. नाव झाडाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक ते नाव ठेवणाऱ्याविषयी सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. आपल्या पूर्वजांना ज्या नावांनी हाक मारली गेली, ती नावे कोणी ठेवली आणि त्यांतून कोणाचे मन उघड झाले, हे आपण चांगले जाणतो.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. लाजाळूच्या प्रत्येक दलाच्या आणि देठाच्या बुडाशी एक बारीक फुगीर गाठ असते. या गाठीतील पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात आणि त्या दाबावर पान उघडे राहते. स्पर्श होताच एक विद्युत्संदेश सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटीमीटर वेगाने पुढे सरकतो. गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी निघून जाते, ती बाजू सैल पडते आणि पान मिटते. पुन्हा पाणी भरून पान उघडायला दहा-वीस मिनिटे लागतात. मिटणे क्षणाचे काम आहे, उघडणे मात्र सावकाशीचे. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

हे मिटणे कशासाठी? 2022 मध्ये जपानमधील सैतामा विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर शोधले. ज्यांची पाने मिटू शकत नाहीत अशी लाजाळूची रोपे त्यांनी तयार केली आणि साध्या रोपांबरोबर तीही टोळांपुढे ठेवली. न मिटणाऱ्या रोपांचा टोळांनी अधिक फडशा पाडला. याचा अर्थ, पानाचे मिटणे हे त्या झाडाचे संरक्षण आहे. देठावर काटे, मुळांच्या गाठींत नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि दुसऱ्या खंडातून येऊनही इथल्या मातीत रुजण्याची चिकाटी, असे हे झाड आहे. लाजाळू मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली; आज ती जगाच्या बहुतेक उष्ण देशांत तण म्हणून पसरली आहे. इतक्या कणखर वनस्पतीला 'लाजरी' ठरवणे हा पाहणाऱ्याचा दृष्टिदोष आहे. लाज ही त्या झाडात कुठेच नाही.

स्वतःहून हलणारी आणखी एक वनस्पती आहे. तिच्या प्रत्येक पानाशी दोन लहान दले असतात आणि ती उबदार हवेत कोणीही न शिवता सावकाश वरखाली होत राहतात. काही मिनिटांत एक फेरा पूर्ण होतो. टिचकी वाजवली की ती नाचते, असा लोकसमज आहे. इंग्रजीत तिला 'टेलिग्राफ प्लँट' म्हणतात. बंगालीत मात्र तिचे नाव 'बनचांडाल', म्हणजे रानातला चांडाल. एका निरुपद्रवी रोपट्यालाही जातिव्यवस्थेने असे आपल्या शिडीच्या तळाशी नेऊन बसवले. ज्या समाजघटकाला त्या प्रदेशात चांडाल म्हणून हिणवले जाई, त्याने हे नाव मुकाट्याने सोसले नाही. अर्ज-विनंत्या आणि चळवळ करून 1911 च्या जनगणनेत त्यांनी 'नामशूद्र' हे आपले नाव सरकारदरबारी मान्य करून घेतले. याच नामशूद्र समाजाचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने 1946 मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. ज्यांच्यावर नाव लादले गेले होते, त्यांनी ते झुगारले आणि देशाला संविधानाचा शिल्पकार दिला. रोपट्याला अर्ज करता येत नाही. त्याचे नाव तसेच राहिले.

या दोन्ही वनस्पतींचा सखोल अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू (1858-1937) हेही बंगालचेच. झाडाच्या सूक्ष्म हालचालींची नोंद घेणारी यंत्रे त्यांनी स्वतः घडवली, लाजाळूमधील विद्युत्संदेशाचा वेग मोजला आणि 1926 मध्ये वनस्पतींच्या संदेशवहनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन दिले जात असे, म्हणून त्यांनी तीन वर्षे पगाराला हात लावला नाही, हा त्यांच्या स्वाभिमानाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याहून कमी प्रसिद्ध असलेली एक आठवण त्यांनीच सांगून ठेवली आहे. वडिलांनी त्यांना बंगाली शाळेत घातले. तेथे एका बाजूला वडिलांच्या मुसलमान सेवकाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. शाळा सुटल्यावर हे सवंगडी घरी आले की बसूंची आई, जुन्या वळणाची असूनही, सर्वांना एकसारखे जेवू घाली आणि त्यात आपला धर्म बुडतो असे तिला कधी वाटले नाही. पुढे ज्याला झाडाच्या स्पर्शाचे कुतूहल वाटले, त्याच्या बालपणी स्पर्शाला बंदी नव्हती. यातून फार मोठा सिद्धान्त काढण्याचा आमचा आग्रह नाही. पण शाळेची बैठक आणि घरची पंगत मुलाच्या जिज्ञासेला कसे वळण देतात, एवढे तरी त्यातून दिसते.

त्याच देशात, काही दशकांनंतर, भीमराव नावाच्या मुलाला शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. ते गोणपाट शिपाई शिवत नसे, म्हणून मुलाने ते रोज घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत थांबायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याला त्यांनी हात लावला, तो पाण्याच्या हक्कासाठी आणि त्याहूनही अधिक स्पर्शाच्या हक्कासाठी. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ही त्या हाताचीच पुढची रेघ होय.

आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेत आम्ही वर्षानुवर्षे मुले पाहत आलो आहोत. जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात आलेले मूल पहिले काही आठवडे बोलत नाही. विचारले तर मान खाली घालते, नाव सांगताना आडनाव गिळते. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे 'लाजाळू आहे' किंवा 'बुजरा स्वभाव' असा शेरा पडतो. पालकही सांगतात, "गुरुजी, आमचं पोरगं पहिल्यापासूनच लाजाळू आहे." या शेऱ्याला आमचा विरोध आहे. 'लाजाळू' म्हटले की दोष मुलाच्या स्वभावात जाऊन बसतो आणि त्याला मिटायला लावणारे बोट मोकळे सुटते. गावच्या शाळेत त्याच्या आडनावावर कोणी हसले होते का, पाण्याच्या माठापाशी कोणी त्याला थांबवले होते का, बोलीभाषेतील उत्तरावर वर्गात कोणी नाक मुरडले होते का, हे प्रश्न तो शेरा विचारू देत नाही. आमचे म्हणणे असे की शिक्षकाने शेरा लिहिण्यापूर्वी प्रश्न विचारावेत.

यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे. ते म्हणतात, जग मुलांना जपणार नाही. मुले धीट करायची तर त्यांना व्यासपीठावर उभे केलेच पाहिजे. हा आक्षेप पोकळ नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात पहिल्यांदा भाषण केलेली आमची कित्येक मुले-मुली आज न्यायालयांत, रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत आत्मविश्वासाने उभी आहेत. व्यासपीठ हवेच. प्रश्न क्रमाचा आहे. जे पान अजून मिटलेले आहे, ते बोटांनी उलगडायला गेलो तर फाटते. आधी विश्वास, मग व्यासपीठ, हा क्रम पाळला तर धीटपणा टिकतो. उलट केला तर पाठ केलेले भाषण तेवढे उरते.

लाजाळूवरील प्रयोगांतूनही या म्हणण्याला आधार मिळतो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ देफोंतेन याने लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत ठेवून पॅरिसच्या रस्त्यांवरून फिरवायला लावल्या. आरंभीच्या धक्क्यांनी सारी पाने मिटली. पण गाडी चालूच राहिली तसतशी ती पुन्हा उघडली. 2014 मध्ये मोनिका गागलियानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळूची रोपे पंधरा सेंटीमीटर उंचीवरून अलगद, पुनःपुन्हा खाली सोडली. इजा होत नाही हे अनुभवाला आल्यावर रोपांनी मिटणे थांबवले. वेगळ्या प्रकारचा धक्का दिला तेव्हा मात्र ती मिटली, म्हणजे केवळ थकलेली नव्हती. अठ्ठावीस दिवसांनंतरही हा अनुभव त्यांच्या प्रतिसादात दिसून आला. याला 'शिकणे' म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. झाडाला मेंदू नाही आणि आम्हीही त्याला मन बहाल करू इच्छित नाही. पण जे रोपट्याच्या पानात दिसते, ते मुलाच्या बाबतीत तर रोज दिसते. आजचा आधार उद्या आणि परवाही तसाच राहील, ही खात्री पटली की मूल उघडते. वसतिगृहातील एक समंजस अधीक्षक जे करू शकतो, ते दहा प्रेरणादायी व्याख्याने करू शकत नाहीत, त्याचे कारण हेच.

मात्र सगळेच स्पर्श सवय करून घेण्याजोगे नसतात. दोन प्रकारांविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिला प्रकार दयेच्या स्पर्शाचा. निवासी शाळांना पाहुणे भेट देतात, वह्या, चादरी, गणवेश वाटतात. दातृत्वाबद्दल आम्हाला आदर आहे. अशा संस्था समाजाच्या मुठीमुठीने उभ्या राहतात. पण वाटपाच्या वेळी मुलांना ओळीत उभे करून प्रत्येकाच्या हातात वस्तू देतानाचे छायाचित्र काढले जाते. एखाद्या मुलाला पुढे बोलावून "वडील काय करतात? आई कुठे असते?" असे सर्वांसमक्ष विचारले जाते. उत्तर देताना मूल मिटते आणि पाहुण्यांना त्याचा विनय आवडतो! जाता-येता लाजाळूला बोट लावून पाहणाऱ्यात आणि अशा प्रश्नकर्त्यात फारसे अंतर नाही. दोघांनाही मिटणे पाहायचे असते. पुन्हा उघडेपर्यंत थांबायला दोघांनाही वेळ नसतो.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. लाज हा मुलीचा दागिना, असे आपल्याही घरांत अजून सांगितले जाते. ज्या मुलीला लाजायला शिकवले, तिला नको असलेल्या स्पर्शाविषयी बोलायला आपण शिकवत नाही. आणि मुलगे तर असे काही सांगूच शकत नाहीत, असे गृहीत धरतो. लाज हे मौनाचे दुसरे नाव ठरते आणि मौन गुन्हेगाराच्या उपयोगी पडते. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद न करता अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिले आहे, आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. बालकांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक प्रत्येक निवासी शाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असला पाहिजे. संस्थेचे नाव जाईल, या भीतीने एखादी तक्रार दाबली गेली तर त्या क्षणी संस्थेचे नाव खरोखरच गेले, असे आम्ही मानतो. मिटणे हा लाजाळूचा बचाव आहे. 'नको' म्हणणे हा मुलांचा बचाव आहे. तो त्यांना शिकवलाच पाहिजे, शिक्षकाला उद्देशूनही.

आपल्या पूर्वजांना स्पर्श नाकारला गेला. म्हणून प्रत्येक स्पर्श चांगला, असा निष्कर्ष निघत नाही. कोणाचाही स्पर्श विटाळ मानला जाऊ नये आणि कोणावरही स्पर्श लादला जाऊ नये. या दोन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, माणसाच्या देहाचा आणि मनाचा सन्मान. बाबासाहेबांनी ज्याला मानवी प्रतिष्ठा म्हटले, ती याहून वेगळी नाही.

तथागतांच्या धम्मात 'फस्स', म्हणजे स्पर्श, याला मोठे स्थान आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना उत्पन्न होते आणि वेदनेतून तृष्णा. म्हणून स्पर्शाच्या ठिकाणी जागरूक राहावे, अशी ही शिकवण आहे. लाजाळूमध्ये स्पर्श आणि प्रतिसाद यांच्यामध्ये विचाराला जागा नाही. माणसात ती आहे आणि शिक्षणाने तीच रुंदावते. विनयपिटकात वर्षावासाची हकीकत येते. पावसाळ्यात भिक्खू हिरवे गवत तुडवत हिंडतात, एकेंद्रिय जीवांना इजा करतात, अशी लोकांची तक्रार बुद्धांच्या कानी आली आणि त्यांनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. पायाखालच्या गवताविषयी लोकांनी केलेली तक्रारही त्यांनी ऐकली. त्याच विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेल्या, स्वतःच्याच घाणीत पडून राहिलेल्या एका भिक्खूची कथा आहे. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर निजवले. तुडवू नये म्हणून थांबणारे पाऊल आणि आजाऱ्याला उचलण्यासाठी पुढे होणारे हात, ही एकाच करुणेची दोन रूपे आहेत. निवासी शाळेला याहून चांगली आचारसंहिता मिळणार नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यापुढे आम्ही काही सूचना ठेवतो. वस्तूंचे वाटप वर्गशिक्षकांमार्फत, छायाचित्राविना व्हावे. देणगीदारांची नावे अहवालात कृतज्ञतेने छापावीत, मुलांचे चेहरे छापू नयेत. शिष्यवृत्तीच्या याद्या जात-प्रवर्गासह फलकावर लावू नयेत. प्रगतिपुस्तकातून 'लाजाळू', 'बुजरा', 'मुखदुर्बळ' हे शेरे बाद व्हावेत आणि त्या जागी शिक्षकाने त्या मुलासाठी काय केले ते लिहावे. सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचा तास दरवर्षी, मुलगे व मुली दोघांसाठी घ्यावा आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत शाळेबाहेरची एक जाणकार महिला असावी. माजी विद्यार्थ्यांना आमची विशेष विनंती आहे. आपण शाळेला भेट देता तेव्हा मार्गदर्शनाचे भाषण अवश्य करा. पण त्याआधी तासभर वसतिगृहात मुलांबरोबर जेवायला बसा आणि त्यांना प्रश्न विचारण्याऐवजी आपल्या पहिल्या जूनविषयी सांगा. त्यांचे आडनाव आणि आपले आडनाव एकाच मातीतले आहे, हे त्यांना आपोआप कळेल.

विज्ञान शिक्षकांसाठीही एक सूचना आहे. लाजाळूचे एक रोप वर्गात अवश्य ठेवा. मिटायला किती वेळ लागतो आणि उघडायला किती, याची नोंद मुलांना घड्याळ लावून करू द्या. अंधारात ती काय करते, तेही पाहू द्या. मात्र शंभर बोटांनी तिला दिवसभर छळू देऊ नका. मिटलेल्या पानांना पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि ज्या झाडाला सतत मिटावे लागते, त्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो. या एका वाक्यात वनस्पतिशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे आणि आपल्या समाजाचा गेल्या कित्येक शतकांचा इतिहासही आहे. मुलांना तो आपापल्या वयानुसार उलगडत जाईल.

भवतु सब्ब मंगलं. सर्वांना सप्रेम जय भीम.